पंडिता रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवास

पंडिता रमाबाई ह्यांचें नांव ठाऊक नाहीं असा ख्रिस्ती मनुष्य महाराष्ट्रांत क्वचितच आढळेल. केडगांवचें मुक्तिसदन, विधवांसाठीं त्यांनीं घेतलेले श्रम, त्यांनीं केलेलें पवित्र शास्त्राचें भाषांतर, ह्यांविषयीं आमच्या वाचकांनीं पुष्कळ वेळां ऐकिलें असेल. परंतु ह्या थोर बाई एके काळीं पोरक्या होत्या, आणि त्या वेळीं एका भावावांचून त्यांना पृथ्वीवर कोणाचाहि आधार नव्हता, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाहीं. त्या भावाचें नांव श्रीनिवास. आज ह्या दोन भावंडांची हकीकत आमच्या मंडळ्यांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रमाबाईंचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रींतील गंगामूळ नांवाच्या रानांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण होते. स्त्रियांस संस्कृत शिकविणें त्या काळीं अधर्म समजत. तरी शास्त्रीबोवांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती भाषा शिकविली व त्याबद्दल लोकांचा रोष सोसला. त्यांच्या रानांतील आश्रमांत विद्यार्थी व यात्रेकरू सतत येत. त्यांच्या आदरातिथ्यांत जवळचा पैसा संपला आणि कर्ज झालें. तेव्हां रमा अवघी सहा महिन्यांची असतांना हें कुटुंब घर सोडून तीर्थयात्रेस निघालें. तान्ह्या मुलीला वेताच्या पेटाऱ्यांत घालून नेलें, असें सांगतात.

देवळांत व घाटांवर पुराण सांगावें आणि श्रोते जें देतील त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम होता. कृष्णाबाई ही थोरली मुलगी, त्यानंतर श्रीनिवास, आणि धाकटी रमा. आई पहाटे उठवून रमेकडून श्लोक पाठ करवून घेई. अशा रीतीनें मुलें विद्वान झालीं. परंतु जगाच्या व्यवहारापासून त्यांना दूर ठेविल्यामुळें हातानें करावयाचें कोणतेंहि काम तीं शिकलीं नाहींत. ह्या उणिवेचें फळ पुढें फार कडू आलें.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला. ऐकणारांच्याच घरीं दाणा नाहीं, तेथें पुराणिकाला कोण देणार? दागिने गेले, चांगलीं वस्त्रें गेलीं, शेवटीं भांडीं विकलीं. भीक मागण्याची लाज वाटे आणि मजुरी करतां येत नसे. अखेर तें सर्व कुटुंब रानांत शिरलें आणि अकरा दिवस झाडपाला, रानफळें व पाणी ह्यांवर राहिलें. शास्त्रीबोवा वृद्ध झाले होते व त्यांची दृष्टि गेली होती. आतां जलसमाधि घ्यावी असा त्यांनीं निश्चय केला. तेव्हां श्रीनिवास पुढें झाला. जातीचा अभिमान बाजूस ठेवून मिळेल ती मजुरी करण्याचें व सर्वांस पोसण्याचें त्यानें पत्करलें. ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या पोथीखेरीज कांहीं हातीं धरलें नव्हतें, त्या घरच्या तरुणानें असें बोलणें ही लहान गोष्ट नव्हे. त्याच्या ह्या शब्दांमुळें वडिलांनीं जलसमाधीचा विचार सोडला. परंतु भुकेनें व तापानें त्यांचा देह आधींच खचला होता. थोड्याच दिवसांत त्यांना मरण आलें. मरण्यापूर्वीं त्यांनीं आपल्या धाकट्या लेकीला उराशीं धरलें आणि सन्मार्गानें चालून सर्व आयुष्य देवाच्या सेवेंत घालविण्याची आज्ञा केली.

ह्यानंतर सुमारें सहा आठवड्यांनीं आईहि गेली. आजारांत तिला भाकरीची इच्छा झाली, म्हणून रमा शेजारच्या एका बाईच्या दारीं गेली. पण तेथें गेल्यावर लाजेनें तिच्या तोंडून शब्द निघेना. त्या बाईनें ओळखलें आणि भाकरीचा तुकडा दिला. तो रमेनें आणिला खरा, परंतु तो खाण्याइतकें त्राण आईला उरलें नव्हतें. प्रेत उचलावयास गांवचें कोणी येईना. मोठ्या मिनतवारीनें दोन ब्राह्मण आले; तिसरा श्रीनिवास आणि चौथी रमा. उंची कमी असल्यामुळें तिला तिरडीचा भार खांद्यावर घेतां येईना, म्हणून तिनें तो डोक्यावर घेतला. कांहीं महिन्यांनीं पटकीनें कृष्णाबाईहि वारली, आणि हीं दोघेंच उरलीं.

पुढें हीं दोन भावंडें पायीं पायीं हिंदुस्थानभर फिरलीं. पंजाब, राजपुताना, बंगाल व आसाम ह्या प्रांतांतून हजारो मैल त्यांनीं वाट तुडविली. मूठभर भिजविलेले दाणे व मीठ एवढ्यावर त्यांनीं दिवस काढिले. पांघरूण नसल्यामुळें झेलम नदीच्या कांठीं त्यांनीं वाळूंत खड्डे खणले, मानेपर्यंत अंगावर वाळू ओढून घेतली, आणि अशा रीतीनें कडाक्याची थंडी घालविली. सर्व तीर्थें केलीं, सर्व व्रतें पाळलीं, तरी मनाला शांति मिळाली नाहीं. आणि जुन्या देवतांवरील त्यांचा विश्वास हळूहळू ढळला. एक गोष्ट मात्र ढळली नाहीं. भावानें बहिणीला सोडलें नाहीं. त्या काळीं लहानपणींच मुलीचें लग्न लावून देऊन मोकळें होण्याची रीत होती. श्रीनिवासानें तसें केलें नाहीं. आपल्या बरोबरीनें त्यानें तिला सभेंत बसूं दिलें व बोलूं दिलें.

१८७८ मध्यें तीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील विद्वानांनीं तिची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. स्त्रीशिक्षणावर दोघांचीं व्याख्यानें होऊं लागलीं. सुखाचे दिवस दिसूं लागतात न लागतात तोंच १८८० सालीं डाक्का येथें श्रीनिवास मरण पावला. आपल्यामागें बहिणीचें कसें होईल, हीच त्याला अंतकाळीं चिंता होती. आपला सांभाळ करणारा देवावांचून दुसरा कोणी नाहीं, असें तिनें त्याला सांगितलें, तेव्हां त्याचें मन निश्चिंत झालें. त्या दोघांना अद्यापि प्रभु येशूची ओळख झाली नव्हती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ह्या प्रसंगाचें मोल अधिक वाटतें.

मधल्या वर्षांची हकीकत आम्ही थोडक्यांत सांगतों. त्याच वर्षीं बाईंनीं बिपिनबिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलांशीं विवाह केला. १८८१ सालीं मनोरमा ही कन्या झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पति पटकीनें वारले. त्याच सालीं बाई पुण्यास आल्या. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या, व ता. २९ सप्टेंबर रोजीं वाँटेज येथें मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. तेथून अमेरिकेस जाऊन त्यांनीं विधवांसाठीं मदत मिळविली, आणि ता. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. पुढच्या सालीं तें पुण्यास नेलें.

१८९६ सालीं मध्यप्रांतांत मोठा दुष्काळ पडला. ती वार्ता ऐकतांच बाईंना आपला दुष्काळ आठवला. आईची भाकरी आठवली. त्या स्वतः तिकडे गेल्या. टाकलेल्या, वाट चुकलेल्या, दुष्टांच्या हातीं जाण्याच्या बेतांत असलेल्या सुमारें तीनशें मुली व विधवा त्यांनीं आणिल्या. पुण्यांत तेव्हां प्लेगाचा बंदोबस्त असल्यामुळें त्यांना शहरांत ठेवतां येईना; म्हणून केडगांवच्या आपल्या शेतावर बाईंनीं त्यांची सोय केली. तेंच पुढें मुक्तिसदन झालें. १९०० सालच्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथें सुमारें १,९०० माणसें होतीं.

आतां वाचकांनीं एका गोष्टीकडे लक्ष द्यावें. बाईंनीं त्या मुलींस केवळ अन्नवस्त्र दिलें नाहीं. शेत नांगरणें, विणणें, शिवणें, तेल गाळणें, गुरें राखणें, छापखान्यांत खिळे जुळविणें, अशीं कामें तेथें मुली करूं लागल्या. आंधळ्यांस बोटांनीं वाचावयास मनोरमाबाईंनीं शिकविलें. पोरक्या मुलग्यांसाठींहि सदानंद सदन होतें. जें शिक्षण स्वतःच्या आईबापांनीं दिलें नव्हतें व ज्याच्या अभावीं तें घर उपाशी मेलें, तेंच बाईंनीं प्रत्येक पोरक्या लेकराच्या हातीं दिलें. आणि आईबापांनीं जें दिलें होतें, म्हणजे अक्षरविद्या, तीहि त्यांनीं राखली. खेड्यांतील बायांस समजेल अशा सोप्या मराठींत त्यांनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचें भाषांतर केलें, व मुक्तींतील स्त्रियांनींच तें छापलें. १९२१ सालीं मनोरमाबाई गेल्या, ता. ५ एप्रिल १९२२ रोजीं बाईहि प्रभूजवळ गेल्या. तें शास्त्र १९२४ सालीं बाहेर पडलें. मुक्तीचें कार्य आजहि चालू आहे.

प्रिय बंधूंनो व भगिनींनो, आपल्या गांवांतहि आईबाप मरतात व भावंडें मागें राहतात. मग नातलग जमतात आणि जशी गुरांची वांटणी व्हावी तशी लेकरांची वांटणी होते. मुलगा एका चुलत्याकडे गुरांमागें जातो, मुलगी दुसऱ्याच्या घरीं भांडीं घासते, आणि दोघांची पुढें भेटहि होत नाहीं. आमच्या उपदेशक बंधूंनीं अशा वेळीं गप्प राहूं नये. त्या लेकरांस एका छपराखालीं ठेवण्याची सोय मंडळीनें पाहावी. शाळा व हातचा धंदा हीं दोन्हीं त्यांना मिळावींत. आणि मुलगी म्हणून तिला मागें ठेवूं नये. श्रीनिवासापाशीं ना घर होतें, ना पैसा, ना ख्रिस्ती मंडळीचा आधार. तरी त्यानें बहिणीचा हात सोडला नाहीं, आणि तिच्या हातून पुढें हजारो लेकरांना घर मिळालें. आपल्यापाशीं तर हें सर्व आहे.