जेम्स डीन

जेम्स बायरन डीन (८ फेब्रुवारी १९३१ – ३० सप्टेंबर १९५५) हा अमेरिकन अभिनेता होता. 'ईस्ट ऑफ ईडन', 'रिबेल विदाउट अ कॉज' आणि 'जायंट' या तीनच चित्रपटांत त्याने प्रमुख भूमिका केल्या. त्यांपैकी केवळ पहिला चित्रपट त्याच्या हयातीत प्रदर्शित झाला. वयाच्या २४व्या वर्षी कॅलिफोर्नियात मोटार अपघातात त्याचे निधन झाले. त्याच्या सुमारे सव्वादोन तास आधी महामार्ग पोलिसांनी त्याला अतिवेगाबद्दल दंडाची पावती दिली होती. त्या पावतीमुळे अपघाताचे कारण डीनचा बेफाम वेगच होता, हा समज दृढ झाला.

प्रारंभिक जीवन

डीनचा जन्म इंडियाना राज्यातील मॅरियन येथे झाला. काही वर्षांनी कुटुंब कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे स्थायिक झाले. तो नऊ वर्षांचा असताना आईचे कर्करोगाने निधन झाले. त्यानंतर वडिलांनी त्याला इंडियानातील फेअरमाउंट गावी आपली बहीण व मेहुणे यांच्याकडे पाठवले. आत्या व तिच्या यजमानांच्या शेतावर तो वाढला. १९४९ मध्ये शालेय शिक्षण संपवून तो कॅलिफोर्नियात परतला. मात्र अभिनयासाठी त्याने विद्यापीठातील शिक्षण अर्धवट सोडले.

अभिनय कारकीर्द

न्यूयॉर्क येथे डीनने ॲक्टर्स स्टुडिओत प्रवेश मिळवला आणि दूरचित्रवाणी व रंगभूमीवर कामे केली. दिग्दर्शक एलिया कझान यांनी त्याला 'ईस्ट ऑफ ईडन'मध्ये कॅल ट्रास्कची भूमिका दिली. १९५५ च्या मार्चमध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाने त्याला प्रसिद्धी मिळाली. वडिलांच्या प्रेमासाठी आसुसलेल्या, अस्वस्थ तरुणाच्या त्याच्या भूमिका युद्धोत्तर पिढीला आपल्याशा वाटल्या.

मोटार शर्यती

१९५५ मध्ये डीन मोटार शर्यतींत उतरला. पाम स्प्रिंग्ज, बेकर्सफील्ड व सांता बार्बरा येथील शर्यतींत त्याने भाग घेतला. 'जायंट'चे चित्रीकरण सुरू असताना निर्मितीसंस्थेने त्याला शर्यतींची मनाई केली होती. याच काळात, सप्टेंबरमध्ये, त्याने रस्ता सुरक्षेविषयीच्या एका लघुपटासाठी मुलाखत दिली आणि तरुणांना सार्वजनिक रस्त्यांवर सावधपणे वाहन चालवण्याचे आवाहन केले. त्याच महिन्यात त्याने पोर्शे ५५० स्पायडर ही शर्यतीची मोटार घेतली.

दंडाची पावती व अपघात

३० सप्टेंबर रोजी डीन सलिनास येथील शर्यतीसाठी निघाला. मोटार ट्रेलरवरून नेण्याचा बेत होता. परंतु नव्या गाडीचा सराव व्हावा म्हणून त्याने ती स्वतः चालवत नेली. पोर्शे कंपनीचा तंत्रज्ञ रोल्फ वुटरिश त्याच्या शेजारी होता. दुपारी साडेतीनच्या सुमारास बेकर्सफील्डच्या दक्षिणेस पोलिसांनी त्यांना थांबवले. ताशी ५५ मैलांची (सुमारे ८९ किमी) मर्यादा असताना डीनचा वेग ताशी ६५ मैल (सुमारे १०५ किमी) होता. रिकामा ट्रेलर घेऊन मागून येणाऱ्या त्याच्या सहकाऱ्यालाही पावती मिळाली.

पावणेसहाच्या सुमारास चोलेमजवळील तिठ्यावर समोरून आलेली एक फोर्ड मोटार डावीकडे वळली. अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात. त्यामुळे डावे वळण घेताना समोरील वाहनांचा मार्ग ओलांडावा लागतो. दोन्ही गाड्यांची धडक झाली. डीनला रुग्णालयात मृत घोषित करण्यात आले. वुटरिश गंभीर जखमी झाला, तर फोर्डचा चालक असलेल्या २३ वर्षीय विद्यार्थ्याला किरकोळ दुखापत झाली.

चौकशी व वेगाचा वाद

पोर्शे आपल्याला दिसलीच नाही, असे त्या विद्यार्थ्याने सांगितले. डीनची गाडी अतिशय बुटकी व चंदेरी-राखाडी रंगाची होती आणि वेळ दिवस मावळण्याची होती. मृत्यूच्या न्यायिक चौकशीत ज्यूरीने गुन्हेगारी हेतू नसल्याचा निष्कर्ष काढला आणि विद्यार्थ्यावर खटला भरला गेला नाही.

डीनचा वेग ताशी ८५ मैल असल्याचे अंदाज प्रारंभी प्रसिद्ध झाले. मात्र गाडीच्या अवशेषांची स्थिती विचारात घेणाऱ्या नंतरच्या काही विश्लेषणांनी तो बराच कमी, वेगमर्यादेच्या आसपास असल्याचे मत मांडले. पावतीवरून साडेतीन वाजताचा वेग कळतो. पावणेसहाचा कळत नाही. तरीही दोन घटनांमधील अल्प अंतरामुळे लोकमानसात त्या जोडल्या गेल्या आणि वळणाऱ्या वाहनाचा प्रश्न मागे पडला.

वारसा

'रिबेल विदाउट अ कॉज' मृत्यूनंतर महिन्याच्या आत, तर 'जायंट' १९५६ मध्ये प्रदर्शित झाला. 'ईस्ट ऑफ ईडन' व 'जायंट'साठी डीनला मरणोत्तर ऑस्कर नामांकने मिळाली. अभिनयासाठी दोन मरणोत्तर नामांकने मिळवणारा तो एकमेव कलावंत आहे. फेअरमाउंट येथे त्याचे दफन करण्यात आले. अपघातस्थळाच्या तिठ्याला २००५ मध्ये त्याचे नाव देण्यात आले.