निकोला टेस्ला

निकोला टेस्ला यांचा जन्म 10 जुलै 1856 रोजी आजच्या क्रोएशियातील स्मिल्यान या खेड्यात झाला. 1884 साली ते अमेरिकेस गेले. प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहावरील त्यांच्या संशोधनामुळे वीज दूरवर नेणे सुलभ झाले. म्हैसूर संस्थानातही 1902 साली शिवनसमुद्रची वीज अशाच प्रवाहाने, तारांवाटे, सुमारे 147 किलोमीटरवरील कोलारच्या सोन्याच्या खाणींत पोहोचली.

टेस्लांना मात्र तारही नको होती. झोक्याला त्याच्याच लयीत हलका हात दिला, की तो उंच जातो. त्याचप्रमाणे समान कंपनसंख्येची दोन वेटोळी एकमेकांना ऊर्जा देतात. यालाच अनुनाद म्हणतात. या तत्त्वाच्या आधारे जगभर वीज पाठवण्यासाठी त्यांनी 1901 साली न्यूयॉर्कजवळ उंच मनोरा उभारण्यास प्रारंभ केला. परंतु धनिक मॉर्गन यांनी अधिक पैसा नाकारला आणि 1917 साली मनोरा पाडला गेला. 7 जानेवारी 1943 रोजी एका हॉटेलच्या खोलीत टेस्लांचे एकाकी निधन झाले.

2007 साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी चुंबकीय अनुनादाने दोन मीटरवरील 60 वॅटचा दिवा तारेविना पेटवला. टेस्लांचे जगभराचे स्वप्न अपुरेच राहिले. अनुनादाची वाट मात्र खरी ठरली.