धूळ जाते कुठे?

आमच्या घरच्या माळ्यावर फसलेल्या खरेद्यांचं एक छोटंसं म्युझियम आहे. त्यात एक ज्यूसर आहे. त्यातून ग्लासभर रस काढायला पाच मिनिटं लागतात आणि त्याची जाळी धुवायला अर्धा तास. एक रोटी मेकर आहे, त्यातून आजपर्यंत एकही पोळी निघालेली नाही, पापड मात्र बरेच निघाले. आणि सगळ्यात मागे, जुन्या चादरीत गुंडाळलेला, म्युझियममधला सर्वात महागडा नमुना : व्हॅक्यूम क्लीनर.

तो घरी आला तेव्हा मी आठवीत होते. दारावर सेल्समन आला, त्याने आमच्याच सोफ्यावर मूठभर माती टाकली आणि मशीनने ती गायब करून दाखवली. आजीला दमा आहे. केर काढायला सुरुवात झाली की ती बिचारी गॅलरीत जाऊन बसायची. त्यामुळे बाबांनी फार विचार न करता हप्त्यावर मशीन घेऊन टाकलं. पहिला महिनाभर शेजारपाजारचे बघायला यायचे. मग लक्षात आलं की आजीचं गॅलरीत जाणं काही थांबलेलं नाही, उलट आता ती जास्त वेळ बसते. मशीनच्या मागच्या जाळीतून गरम हवेबरोबर एक धुळकट वास यायचा. त्यात लावायच्या कागदी पिशव्या वर्षभरात मिळेनाशा झाल्या. हप्ते मात्र त्यानंतरही चालूच होते. त्यावरून आई-बाबांमध्ये जे संभाषण झालं ते कॉलेजच्या अंकात छापण्यासारखं नाही.

मागच्या दिवाळीत मी ते मशीन माळ्यावरून काढलं आणि सरळ उघडलं. (मेकॅनिकलला असल्याचा घरात एवढाच उपयोग.) पिशवीच्या तोंडाशी जी रबरी रिंग असते ती चिरलेली होती, आणि मोटरच्या आजूबाजूला मैद्यासारख्या बारीक धुळीचा थर. म्हणजे केस, कागदाचे कपटे, शेंगदाण्याची सालं पिशवीत जात होती, आणि जी धूळ छातीत जाते ती आमचं मशीन व्यवस्थित हवेत उडवून घरालाच परत देत होतं. हे मशीन मुळात कोणाच्या डोक्यातून निघालं ते बघू म्हणून वाचायला बसले आणि मला ह्यूबर्ट सेसिल बूथ सापडला. गंमत म्हणजे सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी त्याने अगदी आमच्याच मशीनचा पणजोबा पाहिला होता!

बूथचा जन्म 4 जुलै 1871 चा, इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरचा. वडील लाकडाचे व्यापारी. 1889 मध्ये तो लंडनच्या सेंट्रल टेक्निकल कॉलेजात आला. सिव्हिल आणि मेकॅनिकल दोन्ही मिळून तीन वर्षांचा कोर्स, शिकवायला प्रोफेसर अनविन. बूथ इंजिनिअरिंगमध्ये दुसरा आला. (पहिल्या आलेल्यावर कोणी लेख लिहीत नाही, एवढंच सुचवते.) डिसेंबर 1892 मध्ये त्याला मॉडस्ले, सन्स अँड फील्ड ह्या लंडनच्या नावाजलेल्या कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरी लागली. काम काय, तर आरमारी जहाजांच्या इंजिनांची डिझाइन्स.

पण त्याचं नशीब फिरलं ते चाकामुळे. 1893 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात फेरिसचं प्रचंड चाक उभं राहिलं आणि युरोपात प्रत्येकाला तसं चाक हवंसं झालं. मॉडस्लेचे एक डायरेक्टर वॉल्टर बॅसेट ह्यांनी हा धंदा अंगावर घेतला आणि तरुण बूथला त्यात ओढलं. ब्लॅकपूल, व्हिएन्ना आणि पॅरिस इथल्या चाकांच्या डिझाइनवर त्याने काम केलं. व्हिएन्नाचं चाक 1897 चं, उंची जवळजवळ 65 मीटर. आपल्या जत्रेतल्या आकाशपाळण्यापेक्षा त्याचं तंत्र सायकलच्या चाकाला जवळचं : जाड खांबांऐवजी ताणलेल्या तारा, आणि सगळा तोल त्या ताणावर. त्यामुळे एवढं मोठं धूड हलकं राहतं. दुसऱ्या महायुद्धात, 1944 मध्ये, ते जळालं. युद्धानंतर पुन्हा उभं केलं तेव्हा 30 ऐवजी 15 च डबे लावले. ते आजही फिरतं आहे.

म्हणजे तिशीत पोचेपर्यंत बूथचा धुळीशी काहीही संबंध नव्हता. 1901 मध्ये त्याने सल्लागार इंजिनिअर म्हणून स्वतःचं ऑफिस थाटलं, आणि त्याच वर्षी लंडनच्या एम्पायर म्युझिक हॉलमध्ये एका अमेरिकन माणसाच्या नव्या यंत्राचं प्रात्यक्षिक बघायला गेला. यंत्र होतं गालिचे साफ करायचं. कॉम्प्रेस केलेली हवा गालिच्यावर दोन बाजूंनी जोरात सोडायची, धूळ वर उडणार, ती वरच्या खोक्यात जाणार, असा बेत. उडाली खरी. पण बरीचशी खोक्यात न जाता हॉलभर पसरली आणि सावकाश पुन्हा खाली बसली. प्रात्यक्षिक संपल्यावर बूथने त्या संशोधकाला विचारलं, की हवा फुंकण्यापेक्षा ओढून का घेत नाही. त्या गृहस्थाला राग आला. ओढून धूळ काढणं शक्यच नाही, अनेकांनी प्रयत्न करून झाले आहेत, असं सांगून तो चालता झाला.

आता इथे आपल्यापैकी कोणी असतं तर काय केलं असतं? मी तरी घरी येऊन विसरले असते. बूथ काही दिवस तो प्रश्न डोक्यात घेऊन हिंडला. एकदा व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या एका रेस्टॉरंटमध्ये मित्रांबरोबर बसला असताना त्याने खिशातला रुमाल काढला, मखमली खुर्चीच्या पाठीवर ठेवला, त्याला तोंड लावलं आणि जोरात श्वास ओढला. ठसका लागून जीव जायची वेळ आली म्हणे. पण रुमाल उलटून पाहिला तर खालच्या बाजूला काळा डाग.

मला ह्या गोष्टीत श्वासापेक्षा रुमाल महत्त्वाचा वाटतो. हवा ओढण्याची कल्पना बूथच्या आधीही होती. शिकागोच्या मॅकगॅफीने 1869 मध्ये हाताने फिरवायच्या पंख्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. बूथने विचार केला तो ओढलेल्या हवेचं पुढे काय करायचं ह्याचा. हवा जाऊ द्यायची, धूळ अडवायची. रुमालाने नेमकं ते केलं. आमच्या घरच्या मशीनमध्ये चिरलेली ती रिंग म्हणजे बूथचा रुमाल बाजूने उचकटलेला, दुसरं काही नाही.

30 ऑगस्ट 1901 ह्या तारखेने त्याने पेटंटचा अर्ज केला आणि पुढच्या वर्षी कंपनी काढली. पण त्याचं मशीन बघितलं तर आपण त्याला व्हॅक्यूम क्लीनर म्हणणारच नाही. ती एक लालभडक घोडागाडी होती! गाडीवर पेट्रोलचं इंजिन, त्यावर चालणारा पिस्टन पंप आणि कापडाचा फिल्टर. गाडी रस्त्यावर उभी राहायची, लांबच लांब पाइप खिडक्यांतून घरात जायचे आणि युनिफॉर्ममधली माणसं साफसफाई करायची. मशीन विकत मिळत नसे, काम करून मिळे. इंजिनच्या आवाजाने रस्त्यावरची घोडी बिथरायची, त्यावरून तक्रारी आणि कोर्टकज्जे झाले. दुसरीकडे श्रीमंत बायका बूथची गाडी बोलावून मैत्रिणींना चहाला बोलवू लागल्या. पाइपचा थोडा भाग पारदर्शक ठेवलेला असे, त्यातून स्वतःच्याच दिवाणखान्यातली धूळ धावताना बघायची आणि चहा प्यायचा. कमाल आहे.

(व्हायवाला उपयोगी पडेल म्हणून एक सांगते. व्हॅक्यूम काहीच ओढत नाही. आतला दाब कमी होतो आणि बाहेरचं वातावरण हवेला आत ढकलतं. घरगुती मशीन वातावरणाच्या 101 किलोपास्कलमधले साधारण 20 कमी करतं, आणि तेही नळीचं तोंड पूर्ण बंद असेल तेव्हा. धूळ उचलते ती हवेच्या प्रवाहामुळे. फिल्टर तुंबला की आवाज तसाच राहतो पण प्रवाह मरतो. आवाजावरून मशीन चांगलं म्हणणारे फसतात ते इथे.)

1902 मध्ये राजा सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक होता. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये सिंहासनाखाली अंथरलेला गालिचा मळला होता आणि तो उचलून झटकायला वेळ नव्हता. बूथची माणसं आली, जागच्या जागी साफ करून गेली. ही बातमी राजवाड्यापर्यंत गेली आणि बकिंगहॅम पॅलेस आणि विंडसर कॅसलसाठी मशीनची ऑर्डर आली. त्यानंतर बूथला जाहिरातीची गरज उरली नाही.

त्याचं सर्वात मोठं काम मात्र राजवाड्यातलं नव्हे. पहिल्या महायुद्धात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये नौदलाचे जवान दाटीवाटीने राहत होते आणि त्यांच्यात मेंदूज्वराची साथ पसरली. डॉक्टरांचा संशय धुळीवर. बूथची 15 मशीन्स तिथे कित्येक दिवस चालली, जमिनी, भिंती, जिने, वरचे गर्डर सगळं साफ केलं. निघालेली धूळ 26 टन भरली. आमच्या हॉस्टेलचा बी विंग आठवला आणि मी पुढचं वाचायची थांबले.

मधल्या काळात हा माणूस पुलांचंही काम करत होता. स्कॉटलंडमधला कॉनेल फेरीचा पूल, जो 1903 मध्ये सुरू झाला, त्याच्या उभारणीवर त्याचीच देखरेख होती.

एवढं सगळं असून बूथचं नाव कोणाला माहीत नाही. ह्याचं कारणही घरगुतीच आहे. 1906 मध्ये त्याच्या कंपनीने घरात वापरायचं, चाकांवर ढकलायचं मशीन काढलं, पण किंमत 35 गिनी. साध्या माणसाने नावच काढू नये. 1907 मध्ये अजून एक फटका बसला. दुसऱ्या एका कंपनीने आपल्या नावात व्हॅक्यूम क्लीनर हे शब्द घातले म्हणून बूथची कंपनी कोर्टात गेली. कोर्ट म्हणालं की हे तर फक्त वस्तूचं वर्णन आहे, त्यावर कोणा एकाचा हक्क नाही. जे नाव त्याने रुजवलं ते सगळ्यांचं झालं. आणि त्याच सुमारास अमेरिकेत, ओहायोतल्या कँटन गावी, जेम्स मरी स्पँग्लर नावाचा एक सफाई कामगार झाडूने वैतागला होता. वय साठीच्या आसपास आणि त्याला दमा, आमच्या आजीसारखाच. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून एका माणसाला ढकलता येईल असं मशीन केलं. 1908 मध्ये पेटंट मिळालं आणि ते विल्यम हूवरने विकत घेतलं. पुढे बूथच्याच इंग्लंडमध्ये लोक व्हॅक्यूम करण्याला हूवर करणं म्हणू लागले! मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर आजीसाठी मशीन स्पँग्लरनेच केलं. बूथचं मशीन घराबाहेर उभं राहायचं.

बूथची कंपनी मोठ्या इमारती आणि कारखान्यांसाठी यंत्रं करत राहिली, घरगुती माल गॉब्लिन ह्या नावाने विकला. ह्याच गॉब्लिनने 1930 नंतरच्या दशकात सकाळी आपोआप चहा करणारं घड्याळवालं मशीनही बाजारात आणलं. (हॉस्टेलसाठी ह्याचा विचार व्हावा.) 14 जानेवारी 1955 रोजी लंडनजवळ क्रॉयडनमध्ये बूथ वारला. 83 वर्षांचा होता.

हे सगळं वाचून झाल्यावर मी बाबांना घेऊन दुकानात गेले. सेल्समन आधी वॅट सांगू लागला. वॅट म्हणजे मशीन किती वीज खातं ते, किती धूळ उचलतं ते नव्हे. युरोपात 2017 पासून 900 वॅटच्या वरची बहुतेक घरगुती मशीन्स विकायला बंदी आली, तरी तिथली घरं काही मळली नाहीत. तिथल्या लेबलांचीही एक गंमत आहे. मशीनची चाचणी रिकाम्या पिशवीने घ्यायची असा नियम होता, त्याविरुद्ध डायसन कंपनी भांडली आणि 2018 मध्ये कोर्टाने तो लेबलचा नियमच रद्द केला. घरात पिशवी रिकामी असते किती दिवस?

मी त्या सेल्समनला तीनच गोष्टी विचारल्या. पिशव्या पुढची पाच वर्षं मिळतील का, झाकणाभोवती रबर आहे का, आणि फिल्टर मोटरच्या पुढे आणि मागे दोन्हीकडे आहे का. मग त्याच्याच दुकानातल्या गालिच्यावर मशीन फिरवायला लावलं आणि मागच्या जाळीवर ओला पांढरा रुमाल धरून उभी राहिले. बाबा लाजून मिक्सरच्या रांगेकडे निघून गेले. पहिल्या दोन मशीन्सचा रुमाल राखाडी झाला. तिसऱ्याचा पांढरा राहिला. ते काही सर्वात महाग नव्हतं, सर्वात मोठं तर नव्हतंच. त्याच्याबरोबर पिशव्यांची दहा पाकिटं घेतली, कारण बाजारावर माझा विश्वास उरलेला नाही.

फरशीला अजूनही आमच्याकडे ओलं फडकंच लागतं, आणि ते बरोबरच आहे. मशीन निघतं ते गाद्या, सोफा आणि पडद्यांसाठी, दर रविवारी. आजी आता तेव्हा हॉलमध्येच बसते. तिची तक्रार एवढीच, की आवाजात सिरीयल ऐकू येत नाही.