हळदणकरांचा दिवा

आपल्या मॅगझिनमध्ये शास्त्रज्ञांवर लेख दरवर्षी येतात. मी या वेळी एका चित्रकारावर लिहायचं ठरवलं. शाळा कॉन्व्हेंटची असल्यामुळे माझं मराठी जरा खिचडी आहे, तेवढं चालवून घ्या.

हातात दिवा घेतलेल्या बाईचं ते चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेलच. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, बोटांतून झिरपणारा उजेड आणि चेहऱ्यावर त्याची सोनेरी झाक. बघताना वाटतं, कागदामागे कुणी बल्ब लावलाय की काय! चित्राचं नाव 'ग्लो ऑफ होप'. कोणी काढलं असं विचारलं, तर बरेच जण बिनधास्त सांगतात, राजा रवि वर्मा. पण रवि वर्मा १९०६ मध्येच वारले आणि हे चित्र आहे १९४५-४६ चं. ते काढलं सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी.

हळदणकरांचा जन्म १८८२ चा, सावंतवाडीचा. लाकडी खेळणी आणि गंजिफा यांसाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव. तिथून ते मुंबईला आले आणि सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची कला शिकवणारी संस्था काढली. तेव्हा वय किती? जेमतेम पंचवीस-सव्वीस! आपण त्या वयात प्लेसमेंटच्या मागे असतो. पुढे १९१८ मध्ये 'आर्ट सोसायटी ऑफ इंडिया' उभी राहिली, तिच्या संस्थापकांमध्येही ते होते. तैलरंग आणि जलरंग, दोन्हींवर त्यांचा हात बसलेला. त्यातला जलरंग म्हणजे महाकठीण प्रकार. तैलरंगात चुकलं तर वरून दुसरा थर देता येतो. जलरंगात जिथे उजेड दाखवायचा, तिथला कागद कोरा किंवा जवळपास कोरा सोडावा लागतो. म्हणजे उजेड कुठे असणार हे आधीच ठरवायचं आणि अंधार त्याच्याभोवती रंगवत जायचा. अंडू नाहीच!

१९४५ ची दिवाळी. घरात त्यांची मुलगी गीता हातात दिवा घेऊन उभी होती. ते दृश्य त्यांच्या मनात भरलं. त्यांनी तिला तशीच उभी राहायला सांगितलं आणि ती तब्बल तीन तास उभी राहिली. त्यातून हे चित्र झालं. आज ते म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधल्या कलादालनात आहे.

आता आपला, म्हणजे इंजिनिअरचा प्रश्न. कागद तर स्वतः उजेड देत नाही, मग तो येतो कुठून? हिशोब करून बघा. पांढरा कागद पडलेल्या प्रकाशातला साधारण ८० ते ९० टक्के परत पाठवतो, अगदी गडद रंग तीन-चार टक्के. म्हणजे चित्रकाराच्या हातात फरक किती, तर वीस-तीस पट. खऱ्या ज्योतीत आणि तिच्यामागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात हाच फरक हजारो पट असतो. चित्रातल्या सगळ्यात उजळ जागेवर लक्समीटर धरला, तर तो कोऱ्या कागदापेक्षा जास्त काहीच दाखवणार नाही.

गंमत अशी, की आपला डोळा लक्समीटर नाहीच. रेटिनामधल्या पुष्कळ पेशी मधल्या भागावर पडलेला उजेड अधिक धरतात आणि भोवतालचा वजा करतात. चक्क डिफरन्शियल अॅम्प्लिफायर! मेंदूकडे जातो तो मुख्यतः फरक. मी सडक अर्जुनीची. आमच्या गावाच्या नावातच सडक आहे, मुंबई-कोलकाता हायवे गावावरूनच जातो. भर दुपारी ट्रकचा हेडलाईट चालू आहे की बंद, हे आमच्याकडे कोणी बघतही नाही. रात्री जंगलाच्या बाजूने तोच ट्रक आला की डोळ्यांवर हात धरावा लागतो. बल्ब तोच, भोवताल बदलला.

पण नुसता काळा भोवताल पुरत नाही. काळ्या कागदावर पांढरा तुकडा चिकटवला तर तो पांढरा दिसतो, पेटलेला दिसत नाही. उजळ जागेपासून बाहेर उजेड हळूहळू विरत गेला, तर मेंदू समजतो की इथे दिवा आहे, कारण खऱ्या दिव्याभोवती तसंच होतं. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं, की असं नुसतं चकाकीचं चित्र बघूनही माणसाच्या डोळ्यातली बाहुली आकसते. शरीरच फसतं! आणि हळदणकरांनी बोटांवरचा लालसर उजेड, गालावरची झाक, मागचा अंधार हे सगळं नुसत्या नजरेने मोजून पायरीपायरीने उतरवलं होतं.

पटत नसेल तर रूमवर करून बघा. चित्राचा प्रिंट घ्या, वर एक कोरा पांढरा कागद ठेवा आणि त्याला बोटाएवढं भोक पाडून फक्त सगळ्यात उजळ जागा बघा. दिवा विझतो! उरतो फिका पिवळट ठिपका. कागद काढा, दिवा परत लागतो.

हळदणकर १९६८ मध्ये गेले. चित्रातल्या गीताबाई १०२ वर्षं जगल्या आणि २०१८ मध्ये कोल्हापुरात वारल्या. एवढ्या वर्षांत चित्र घराघरांत पोचलं, नाव मात्र रवि वर्मांच्या मोठ्या नावाशेजारी फिकं पडलं. प्रोजेक्ट ग्रुपमध्ये होतं तसंच. सर्किट एक जण जुळवतो, रात्र तोच जागतो, पण व्हायवात टॉपर शेजारी उभा असला की सगळे त्याच्याकडेच बघतात. नजरेचं हे गणित डोळ्यापुरतं ठीक आहे. माणसाचं श्रेय मात्र शेजारी कोण उभं आहे यावर ठरू नये, असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा यापुढे कुणाच्या घरी ते चित्र दिसलं आणि कोणी रवि वर्मांचं नाव घेतलं, तर नम्रपणे सांगा: सावळाराम हळदणकर, सावंतवाडी.