ड्यूक एलिंग्टन

एडवर्ड केनेडी 'ड्यूक' एलिंग्टन (२९ एप्रिल, १८९९ – २४ मे, १९७४) हे अमेरिकन संगीतकार, पियानोवादक व वाद्यवृंदसंचालक होते. नृत्यगृहांत वाजणाऱ्या जॅझ संगीताला दीर्घ, बहुखंडी वाद्यवृंदरचनांचे रूप देणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. त्यांनी सुमारे पन्नास वर्षे स्वतःच्या वाद्यवृंदाचे नेतृत्व केले.

सुरुवातीचे जीवन

एलिंग्टन यांचा जन्म वॉशिंग्टन, डी.सी. येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. आई डेझी व वडील जेम्स एडवर्ड हे दोघेही पियानो वाजवीत. वयाच्या सातव्या वर्षाच्या सुमारास त्यांचे पियानोशिक्षण सुरू झाले. रुबाबदार राहणीमुळे मित्रांनी त्यांना 'ड्यूक' हे टोपणनाव दिले. चित्रकलेतही त्यांना गती होती; मात्र न्यू यॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटची कला-शिष्यवृत्ती न स्वीकारता त्यांनी संगीताचा व्यवसाय पत्करला. १९२३ साली ते न्यू यॉर्कला स्थायिक झाले.

कॉटन क्लब

डिसेंबर १९२७ पासून १९३१ पर्यंत हार्लेममधील कॉटन क्लब येथे त्यांचा वाद्यवृंद नियमित वाजत असे. येथील कलावंत कृष्णवर्णीय असले, तरी प्रेक्षकांत प्रवेश प्रामुख्याने गोऱ्यांनाच होता. येथून होणाऱ्या रेडिओ प्रक्षेपणांमुळे एलिंग्टन यांचे नाव देशभर पोहोचले.

रचनापद्धती

एलिंग्टन वाद्यापेक्षा वादक डोळ्यांसमोर ठेवून लिहीत. कूटी विल्यम्स यांचा गुरगुरणारा ट्रम्पेट, जॉनी हॉजेस यांचा अल्टो सॅक्सोफोन, हॅरी कार्नी यांचा बॅरिटोन सॅक्सोफोन अशा वैशिष्ट्यांतून त्यांचा नाद घडला. 'मूड इंडिगो' (१९३०) या रचनेत त्यांनी वाद्यांचा नेहमीचा क्रम उलटा केला: ट्रम्पेट व ट्रॉम्बोन वरच्या पट्टीत, तर एरवी उंच स्वर घेणारी क्लॅरिनेट सर्वांत खाली ठेवली. १९३९ पासून संगीतकार बिली स्ट्रेहॉर्न त्यांचे निकटचे सहकारी होते. वाद्यवृंदाची ओळख बनलेली 'टेक द ए ट्रेन' ही रचना स्ट्रेहॉर्न यांची आहे.

दीर्घ रचना

त्या काळच्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच संगीत मावत असे. एलिंग्टन यांनी ही मर्यादा ओलांडली. 'क्रिओल ऱ्हॅप्सडी' (१९३१) दोन बाजूंवर, तर आईच्या निधनानंतर लिहिलेली 'रेमिनिसिंग इन टेम्पो' (१९३५) चार बाजूंवर ध्वनिमुद्रित झाली.

२३ जानेवारी, १९४३ रोजी कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी 'ब्लॅक, ब्राऊन अँड बेज' ही सुमारे ४५ मिनिटांची रचना सादर केली. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा इतिहास हा तिचा विषय होता. अभिजात संगीताच्या काही समीक्षकांना तिची बांधणी सैल वाटली, तर जॅझच्या काही समीक्षकांच्या मते ती जॅझपासून दूर गेली होती. या टीकेनंतर एलिंग्टन यांनी ती बहुधा अंशरूपानेच सादर केली. दीर्घ रचना लिहिणे मात्र सोडले नाही. 'हार्लेम' (१९५०) एनबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रासाठी लिहिली गेली. 'नाइट क्रीचर' (१९५५) मध्ये जॅझ वाद्यवृंद व सिम्फनी वाद्यवृंद एकत्र वाजतात. वाद्यवृंदाची लोकप्रियता ओसरली असताना १९५६ च्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवातील कार्यक्रमाने त्याला नवी उभारी दिली.

भारत दौरा

१९६३ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आयोजित केलेल्या दौऱ्यात वाद्यवृंद पश्चिम व दक्षिण आशियात आला. या दौऱ्यात दिल्ली, मद्रास, मुंबई व कलकत्ता ही शहरेही होती. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येनंतर दौरा अर्धवट थांबवण्यात आला. या प्रवासातून प्रेरणा घेऊन एलिंग्टन व स्ट्रेहॉर्न यांनी 'फार ईस्ट स्वीट' (१९६७) या संग्रहातील बहुतेक रचना केल्या. त्यातील 'आग्रा' हा भाग ताजमहालाशी, तर 'ब्लूबर्ड ऑफ डेल्ही' हा भाग दिल्लीतील एका मैनेच्या आवाजाशी निगडित आहे. भारतीय वाद्ये किंवा राग न वापरता, मनावर उमटलेले ठसे स्वतःच्याच संगीतभाषेत मांडण्याची पद्धत त्यांनी येथे अवलंबिली.

सन्मान व अखेर

१९६५ साली पुलित्झर पारितोषिकाच्या संगीत परीक्षकांनी त्यांच्या एकूण कार्यासाठी विशेष सन्मानाची शिफारस केली. पारितोषिक मंडळाने ती फेटाळली आणि दोन परीक्षकांनी राजीनामे दिले. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को येथील ग्रेस कॅथीड्रलमध्ये त्यांची पहिली 'सेक्रेड कॉन्सर्ट' ही धार्मिक संगीताची मैफल झाली. १९६९ मध्ये सत्तराव्या वाढदिवशी व्हाइट हाउसमध्ये त्यांना प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम प्रदान करण्यात आले.

फुप्फुसाच्या कर्करोगाने न्यू यॉर्क येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर पुत्र मर्सर यांनी वाद्यवृंदाची धुरा सांभाळली. नाकारला गेलेला पुलित्झर सन्मान त्यांच्या जन्मशताब्दी वर्षात, १९९९ साली, मरणोत्तर विशेष गौरवाच्या रूपाने देण्यात आला.