आल्फ्रेड बिने : मुलांच्या बुद्धीचें माप शोधणारा पुरुष

बुद्धि ही वस्तु डोळ्यांना दिसत नाहीं व हातांत धरतां येत नाहीं. तथापि तिचें माप काढण्याचा यत्न मनुष्यानें केला, आणि त्या यत्नाचा पाया ज्यांनीं घातला ते आल्फ्रेड बिने हे फ्रेंच शास्त्रज्ञ होत. आज एखाद्या मुलाची बुद्धिमापन-चाचणी घेतली जाते तेव्हां तिच्या मुळाशीं याच पुरुषाचे श्रम असतात. म्हणून त्यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं, व पालकांनींहि, जाणून घेणें उचित आहे.

बिने यांचा जन्म इ. स. १८५७ च्या जुलै महिन्यांत नीस या समुद्रकाठच्या शहरीं झाला. वडील वैद्य व आई चित्रकार असून ते त्यांचे एकुलते एक अपत्य होते. पॅरिस येथें त्यांनीं कायद्याचा अभ्यास केला व १८७८ सालीं पदवी मिळविली. परंतु वकिलींत त्यांचें मन रमलें नाहीं. ग्रंथालयांत बसून मानसशास्त्राचे ग्रंथ वाचीत त्यांनीं या विषयाचें ज्ञान बहुतांशीं स्वतःच्याच बळावर संपादिलें.

पुढें पॅरिसच्या साल्पेत्रियेर नामक रुग्णालयांत प्रख्यात वैद्य शार्को यांच्या हाताखालीं ते काम करूं लागले. तेथें त्यांच्यावर एक कठीण प्रसंग आला. लोहचुंबक जवळ नेल्यानें संमोहित रुग्णाची लक्षणें शरीराच्या एका बाजूकडून दुसरीकडे जातात, असें त्यांनीं व त्यांचे सहकारी फेरे यांनीं प्रसिद्ध केलें. बेल्जममधील देल्बफ या पंडितानें दाखवून दिलें कीं, हा चुंबकाचा प्रभाव नसून प्रयोग करणाऱ्याच्या सूचनेचा परिणाम आहे. प्रयोग काय चालला आहे हें रुग्णांस ठाऊक असे! बिने यांस अखेर आपला दोष मान्य करावा लागला. दुसरा कोणी असता तर खचून गेला असता. बिने यांनीं मात्र त्यांतून जन्मभराचा धडा घेतला. मापणाऱ्याची अपेक्षा मापांत शिरते, हा तो धडा होय.

१८९१ सालीं ते सॉर्बोन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत दाखल झाले व थोड्याच वर्षांत तिचे प्रमुख झाले. याच सुमारास त्यांच्या मादलेन व आलिस या दोन कन्या त्यांच्या निरीक्षणाचा विषय झाल्या. एकाच घरांत वाढलेल्या दोघी बहिणी, परंतु एक गोष्टींचें बारकाईनें वर्णन करी, तर दुसरी कल्पनेंत रमे. दोघींची बुद्धि निराळ्या घडणीची होती. मुलांच्या मनाचें मोजमाप सोपें नाहीं, हें त्यांस येथेंच उमगलें.

त्या काळीं डोक्याच्या आकारावरून बुद्धि कळते असा विद्वानांचा समज होता. बिने यांनींहि शाळांतून हुशार व मंद ठरविलेल्या मुलांचीं डोकीं मोजलीं. फरक फारच थोडा निघाला. शिवाय मंद म्हणून माहीत असलेल्या मुलाचें माप आपल्याकडूनच नकळत कमी धरलें जात असावें, अशी शंका त्यांस आली. पुन्हां मोजून पाहतां ती शंका बळावली, व त्यांनीं हा मार्ग सोडून दिला.

१९०४ सालीं फ्रान्सच्या शिक्षणखात्यानें एक समिति नेमली. शाळेंत मागें पडणाऱ्या मुलांपैकीं कोणास निराळ्या शिक्षणाची गरज आहे हें ठरविण्याचा प्रश्न होता, व बिने त्या समितीचे सभासद होते. शिक्षकाच्या मर्जीवर किंवा वैद्याच्या अंदाजावर मुलाचें भवितव्य सोपवावें, हें त्यांस रुचेना. म्हणून तेओदोर सिमों या तरुण वैद्याच्या साह्यानें त्यांनीं १९०५ सालीं तीस कसोट्यांची एक मापपट्टी रचली. पेटत्या काडीमागें दृष्टि फिरविणें ही तिची पहिली पायरी, आणि अमूर्त शब्दांतील भेद सांगणें ही शेवटची. १९०८ सालीं त्यांनीं त्या कसोट्या वयाप्रमाणें लाविल्या. अमुक वयाचीं बहुसंख्य मुलें जें करूं शकतात तें त्या वयाचें काम, असा दंडक ठरला. आणि मुलाची मानसिक पातळी त्यावरून सांगतां येऊं लागली.

येथें बिने यांची खरी थोरवी दिसते. ही पट्टी लांबी मोजावी तशी बुद्धि मोजीत नाहीं, ती मुलांना केवळ क्रमानें लाविते, असें त्यांनीं स्वतःच बजावून ठेविलें. याचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. चांदणी चौकाकडून पौडास जातांना भूगांव, भुकूम, पिरंगुट हीं गांवें या क्रमानें लागतात. पण नुसता क्रम ऐकून दोन गांवांमधील अंतर कळत नाहीं. वर्गांतील पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाचेंहि तसेंच आहे.

हाच विचार १९४६ सालीं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन्स यांनीं चार पायऱ्यांत मांडला. हजेरीपटांतील आंकडा हें नुसतें नांव. परीक्षेंतील क्रमांक हा क्रम. तापमापकावरील अंश समान अंतरानें असले तरी तेथील शून्य हें सोयीचें, म्हणून ४० अंश म्हणजे २० अंशांच्या दुप्पट उष्णता नव्हे. आणि उंची किंवा रस्त्याचें अंतर यांचें शून्य खरें, म्हणून तेथेंच दुप्पट-तिप्पट म्हणतां येतें. जसें माप, तसा हिशेब. नांवांमध्यें सर्वांत अधिक वेळां कोण येतें एवढेंच पाहावें. क्रमांत मधला कोण तें पाहावें. सरासरी काढणें पुढच्या दोन पायऱ्यांवरच शोभतें.

सरासरीहि एकटी पुरत नाहीं. एका गटांतील पांच मुलांना ४०, ४५, ५०, ५५ व ६० गुण मिळाले. दुसऱ्या गटांतील पांचांना १०, २०, ५०, ८० व ९०. दोहोंची सरासरी ५०, परंतु दुसऱ्या गटांत दोघांना तातडीच्या साह्याची गरज आहे. म्हणून संशोधक सरासरीसोबत गुणांचा विस्तारहि सांगतात. त्याच्या एका मापास प्रमाण विचलन म्हणतात.

१८ ऑक्टोबर १९११ रोजीं, वयाच्या अवघ्या ५४ व्या वर्षीं, बिने पॅरिस येथें निवर्तले. त्यांच्या मागें पुढील वर्षींच जर्मनींत स्टर्न यांनीं मानसिक वयास खऱ्या वयानें भागण्याची रीत सुचविली, व १९१६ सालीं अमेरिकेंत टर्मन यांनीं त्यास शंभरानें गुणून बुद्ध्यंक रूढ केला. क्रम सांगणारें साधन अशा रीतीनें एका आंकड्यांत कोंडलें गेलें. गॉडर्ड यांनीं तर न्यूयॉर्कजवळील एलिस बेटावर उतरणाऱ्या परदेशी प्रवाशांवर या कसोट्या लावून अनेकांना मतिमंद ठरविलें. भाषा व परिस्थिति यांचा विचार न करितां माप लाविलें कीं अन्याय होतो, तो असा.

फाळणीपूर्व हिंदुस्थानांत लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन महाविद्यालयाचे हर्बर्ट राइस यांनीं १९२९ सालीं हिंदुस्तानी रूपांतर प्रसिद्ध केलें. धारवाड येथें डॉ. व्ही. व्ही. कामत यांनीं मराठी व कानडी मुलांसाठीं ही पट्टी नव्यानें बसविली. त्यांचा ग्रंथ १९४० सालीं निघाला, व बिने-कामत चाचणी या नांवानें ती महाराष्ट्रांत सर्वत्र परिचित झाली. परक्या मुलांची सरासरी आपल्या मुलांच्या माथीं मारूं नये, हेंच त्या श्रमाचें सार होय.

बिने यांनीं पट्टी बनविली ती मुलांस बाजूस सारण्यासाठीं नव्हे. बुद्धि जन्मतः ठरलेली असून ती वाढत नाहीं, या मताचा त्यांनीं १९०९ सालच्या ग्रंथांत निषेध केला, आणि मागें पडलेल्या मुलांकरितां लक्ष, स्मरण व इच्छाशक्ति वाढविणारे व्यायाम योजिले. तेव्हां विद्यार्थिमित्रहो, प्रगतिपुस्तकांतील क्रमांक पाहून उन्मत्त होऊं नका व खिन्नहि होऊं नका. आणि पालकांनीं आंकडा हातीं येतांच एवढें विचारावें : हें माप कोणत्या पायरीचें आहे, कोणत्या मुलांशीं तुलना करून काढलें आहे, आणि आपल्या मुलास उद्यां कोणतें साह्य द्यावें हें त्यावरून कळतें काय? या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर मिळावें याचसाठीं त्या सत्पुरुषानें आपलें आयुष्य वेंचलें.