देवाशी भांडलेला वाणी : दुष्काळात सगळं गमावलेले तुकोबा

तुकाराम महाराज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हातात वीणा घेतलेली शांत मूर्ती येते. पण हा माणूस देवाशी किती कडकडून भांडला, हे पारायणात फारसं कुणी सांगत नाही.

देहूचं हे घर खाऊन-पिऊन सुखी. शेती, दुकान, सावकारी आणि घराण्यात विठ्ठलाचं देऊळ. थोरले भाऊ सावजी विरक्त, म्हणून व्यवहार तुकोबांच्या अंगावर कोवळ्या वयातच पडला. सतरा-अठराव्या वर्षी आई-वडील गेले. पाठोपाठ वहिनी वारल्या आणि सावजी तीर्थाला निघून गेले.

मग १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. पाऊस नाही, धान्य नाही, जनावरं दावणीला मेली. दुकानाचं दिवाळं निघालं, गावात पत गेली. दम्यानं बेजार असलेली पहिली बायको रखमाबाई अन्नावाचून गेली. मुलगा संतूही गेला. तेव्हा तुकोबांचं वय जेमतेम बावीस.

देव आहे, तर मग हे का? हा प्रश्न त्यांनी पोटात ठेवला नाही. चाकणजवळच्या भामचंद्र डोंगरावर ते एकटे जाऊन बसले. तिथून परतल्यावर वडिलोपार्जित कर्जखतांची वाटणी केली. अर्धी खतं धाकट्या कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. स्वतः उपाशी असलेल्या सावकारानं कुळं मोकळी केली. मोडकळीला आलेलं विठ्ठलाचं देऊळही दुरुस्त केलं.

तरी देवाशी भांडण मिटलं नाही. अभंगांत ते विठ्ठलाला निर्दय म्हणतात, त्याच्याकडे हिशेब मागतात. भक्तच नसेल तर तुला विचारतो कोण, असंही सुनावतात. एके ठिकाणी तर आपल्यापुरता देव मेला, इथपर्यंत जातात. आज कुणी असं बोललं तर गाव त्याला नास्तिक ठरवेल.

पुढे अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, तेव्हाही ते गप्प घरी बसले नाहीत. नदीकाठच्या शिळेवर तेरा दिवस अन्नपाण्यावाचून धरणं धरलं. वह्या कोरड्या वर आल्या, असं वारकरी मानतात. लोकांच्या तोंडी अभंग पाठ होते म्हणून ते वाचले, असंही काही जण म्हणतात. ती शिळा आजही देहूत आहे.

आपल्याकडेही पाऊस दगा देतो, कर्ज फिटत नाही, घरातलं माणूस जातं. अशा वेळी चिडून देवाला बोललं की म्हातारी माणसं गप्प करतात, पाप लागेल म्हणतात. तुकोबांना कुणी गप्प करू शकलं नाही. त्यांचं भांडण गाथेत जसंच्या तसं आहे, आणि तीच गाथा आपण डोक्यावर घेऊन मिरवतो. म्हणून घरात कुणी असं बोललं, तर त्याला दटावू नका. जवळ बसा, ऐकून घ्या. खरी काळजी करायची ती बोलायचंच बंद झालेल्या माणसाची.